फाडलेलं साठेखत आणि न फाटणारी नोंद

आमच्या बार्शीतल्या एका निवृत्त सरांचा परवा फोन आला. घर विकायला काढलंय, गिऱ्हाईक पक्कं आहे, पण बँकेच्या वकिलाने सर्च रिपोर्टमध्ये अडकवलं. आठ वर्षांपूर्वी सरांनी हेच घर दुसऱ्या एका ओळखीच्या माणसाला द्यायचं ठरवलं होतं. साठेखत झालं, नोंदवलं. पुढे त्या माणसाच्या पैशांची सोय होईना. सरांनी विसार परत दिला, दोघांनी बसून चहा घेतला आणि कागद समोरासमोर फाडला. विषय संपला, असं दोघांनाही वाटलं. आता ते गृहस्थ हयात नाहीत. मुलगा पुण्यात, मुली सासरी. आणि रजिस्ट्रार ऑफिसच्या नोंदीत ते साठेखत जसंच्या तसं उभं आहे.

"अहो, पण आम्ही कागद फाडला होता ना!" सर पुन्हा पुन्हा हेच म्हणत होते.

सरांना हसू नका. कागद फाडला की व्यवहार मिटला, ही समजूत आपल्याकडे शेकडो वर्षं जुनी आहे आणि एके काळी ती खरीही होती. खत सावकाराच्या पेटीत असायचं. देणं फिटलं की खत परत घ्यायचं, फाडायचं. तुकोबांनी आपल्या वाटणीची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं सांगतात. खतं बुडाली म्हणजे कुळं सुटली, कारण दुसरी प्रत कुठेच नव्हती.

१२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांचा उठाव सुरू झाला, पुढे तो नगर जिल्ह्यातही पसरला. त्या लोकांचा मुख्य रोख सावकारांकडच्या कर्जखतांवर होता. खतं मिळाली की जाळायची. तेही याच हिशोबाने.

सरकारने मात्र यातून वेगळा धडा घेतला. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. पुणे, सातारा, नगर आणि आपला सोलापूर, असे चार जिल्हे त्यात होते. म्हणजे बार्शी तालुकाही आलाच. शेतकऱ्याने करून दिलेला दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिलेला असला पाहिजे, असं बंधन त्यात होतं. पैसे फेडले तर लेखी पावती मागण्याचा हक्कही दिला. निरक्षर माणसाला फसवू नये म्हणून ही तजवीज. पण त्याबरोबर कागदाचा मालकही बदलला. खरा कागद आता सरकारी पुस्तकात जाऊन बसला. तो फाडता येत नाही, जाळताही येत नाही.

दस्त नोंदणीचे कायदे त्याआधीही होते. १८६४ पासून ते देशभरासाठी एकसारखे होत गेले आणि १९०८ चा नोंदणी कायदा आजही चालू आहे. त्याच्या कलम ५७ प्रमाणे स्थावर मालमत्तेचं 'पुस्तक १' आणि त्याची सूची फी भरून कोणालाही पाहता येते. तुम्ही घेणारे असा, देणारे असा, की नुसते शेजारी. आपण ज्याला 'इंडेक्स टू' म्हणतो ती यातलीच मालमत्तेनुसार केलेली सूची. गंमत म्हणजे निबंधकाने एखादा दस्त नोंदवायला नकार दिला, तर त्याची कारणं 'पुस्तक २' मध्ये लिहावी लागतात आणि तेही लोकांना खुलं आहे.

मग मोडलेल्या घरव्यवहाराची नोंद राहते का? व्यवहार कुठल्या पायरीवर मोडला, त्यावर ते आहे.

नुसती तोंडी बोली किंवा साधी विसार पावती असेल तर सरकारदप्तरी काहीच नाही. ठरल्याचंही नाही, मोडल्याचंही नाही. बिल्डरकडचं बुकिंग साठेखताआधीच रद्द झालं, तर रेराच्या २०१६ च्या कायद्याप्रमाणे बिल्डरला दर तिमाहीला किती घरं बुक झाली ते जाहीर करावं लागतं, त्यात एक आकडा कमी होईल. तुमचं नाव त्यात नसतं. तोच कायदा म्हणतो की किमतीच्या १० टक्क्यांवर रक्कम घ्यायची तर आधी करार नोंदवा.

साठेखत नोंदवलं असेल तर ते इंडेक्सला दिसणार. ते मोडायचं तर दोघांनी रद्दलेख करून तोही नोंदवायचा. मग सूचीत दोन नोंदी राहतात, एक ठरल्याची, एक मोडल्याची. पहिली पुसली जात नाही. रद्दलेखाला स्वतःचा वेगळा दस्त क्रमांक असतो, त्यामुळे शोधणाऱ्याने दोन्ही जुळवून बघायचे.

आणि खरेदीखतच झालं असेल तर विकणाऱ्याने एकट्याने जाऊन ते रद्द करण्याची सोय नाही. एक तर घेणाऱ्याने परत खरेदी करून द्यायची, नाही तर कोर्टात जायचं. कोर्टाने नोंदवलेला दस्त रद्द केला, तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे हुकूमनाम्याची प्रत निबंधकाकडे जाते आणि त्याने आपल्या पुस्तकातल्या नकलेवर तशी टीप लिहायची असते.

आता सरांचं काय? १८७२ च्या पुरावा कायद्यातला नियम असा की नोंदवलेला करार नंतर तोंडी मोडला, हे सिद्ध करायला परवानगी नाही. नव्या साक्ष्य अधिनियमातही तो नियम आहेच. म्हणजे त्या दिवशीचा चहा आणि फाडलेला कागद कोर्टाच्या लेखी शून्य. साठेखताने मालकी जात नाही, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात स्पष्ट आहे. ठरल्या तारखेपासून, आणि तारीख ठरली नसेल तर नकार कळल्यापासून ३ वर्षांत दावा लावला नाही, तर मुदतही जाते. पण बँकेचा वकील एवढ्यावर सही करत नाही. त्याला रद्दलेख हवा. आता सगळ्या वारसांच्या सह्या लागणार. सर पुढच्या आठवड्यात पुण्याला निघालेत. घर विकायचंय ते बायकोच्या उपचारासाठी, हे त्यांनी फोन ठेवताना सांगितलं.

पेपरात मी वर्षानुवर्षं 'जाहीर नोटीस' छापून आलेल्या पाहतोय. हरकत असेल त्याने अमुक दिवसांत कळवावे. व्यवहार जमण्याआधी नोटीस येते. मोडल्याची नोटीस मात्र क्वचितच दिसते. मोडलेलं सांगायला आपल्याला लाज वाटते. सोयरीक असो की घर.

या उघड्या पुस्तकामुळेच एक घर दोघांना विकणारा माणूस सापडतो, म्हणून ते उघडंच राहिलं पाहिजे. माझी मागणी एवढीच, की साठेखताच्या नोंदीसमोरच त्याच्या रद्दलेखाचा क्रमांक ठळक दिसावा. कोर्टाच्या हुकमाची टीप नकलेवर येते, तर दोघांच्या राजीखुशीची का येऊ नये?

तोवर आपण एवढं करू. घरात कुणी कधी साठेखत करून मोडलं असेल, तर समोरचा माणूस हयात आहे तोवर रद्दलेख नोंदवून घ्या. कागद खुशाल फाडा, पण रजिस्ट्रार ऑफिसमधून परत आल्यावर.