तळेगाव दाभाडे: फिरलेला ओघ

सकाळी तळेगाव दाभाडेच्या फलाटावर उभे राहिले की गावाचा आजचा स्वभाव ध्यानात येतो. पुण्याकडची लोकल येते, आकुर्डी, चिंचवड, पिंपरीस कामाला जाणारी माणसे तीत चढतात आणि गाव संध्याकाळपर्यंत म्हाताऱ्यांच्या नि मुलांच्या स्वाधीन होते. झोपायला येण्याचे गाव, अशी थट्टा आम्हीही केली आहे. ती अपुरी होती असे आता वाटते.

एके काळी ओघ तळेगावकडे होता. छत्रपती शाहूंचे सेनापती खंडेराव दाभाडे यांचे हे गाव. गुजरातेतील मोहिमांची सूत्रे या घराण्याकडे होती. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्यांचे पुत्र त्र्यंबकराव पहिल्या बाजीरावाविरुद्ध लढताना पडले, आणि दाभाड्यांचे वैभव ओसरले. (गुजरातेत पुढे मोठे झाले ते त्यांच्या हाताखालचे गायकवाड.)

१८५८ साली खंडाळा–पुणे लोहमार्ग सुरू झाला. पण त्याने गावाला नोकरदारांची वस्ती केले नाही. उलट विसाव्या शतकाच्या आरंभी नवे काही करू पाहणारी मंडळीच इथे आली. साहित्याच्या विद्यार्थ्यांस विष्णु गोविंद विजापूरकर ठाऊक असतात ते ‘ग्रंथमाला’ व ‘विश्ववृत्त’ यांचे संपादक म्हणून. त्यांचे राष्ट्रीय शिक्षण देणारे समर्थ विद्यालय तळेगावास होते, आणि १९१० साली सरकारने ते बंद पाडले, हे मात्र वर्गात क्वचितच सांगितले जाते.

पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ चा. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना साधी होती: प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा, त्यातून देशी उद्योग उभा राहावा. ज्यांनी तळेगाव कधी पाहिले नाही, पाहणारही नव्हते, अशांचे पैसे येथल्या भट्टीस लागले. ईश्वरदास वार्ष्णेय तिचे काम पाहत. काच करण्याचे शिक्षणही तेथेच मिळे. भांडवल कसे जमते याची याहून हृद्य कथा आम्हांस ठाऊक नाही.

मग पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात औद्योगिक वसाहती वाढल्या, १९७८ मध्ये पुणे–लोणावळा लोकल धावू लागली. ओघ फिरला. २००८ साली जनरल मोटर्सचा कारखाना तळेगावजवळ उघडला तेव्हा काम पुन्हा इकडे आलेसे वाटले. २०२० अखेर तेथील उत्पादन थांबले, आणि कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला. गावाचे भवितव्य बाहेर ठरणे येथे नवे नाही. सेनापतीचे काय, शाळेचे काय, तेच झाले होते. परंतु वर्षाचा पैसा देणाऱ्या अनोळखी माणसाचा या गावाशी जो संबंध होता, तो आता येथेच घर घेणाऱ्यांचाही असतोच असे नाही.

गो. नी. दांडेकर याच गावी राहत. तेही तळेगावातून सारखे बाहेर पडत. पण राजमाचीकडे, म्हणजे सकाळच्या त्या गर्दीच्या उलट दिशेला.