महाराष्ट्र निसर्ग उद्यान

बृहन्मुंबईतील धारावी येथे मिठी नदीच्या दक्षिण तीरावर, शीव–वांद्रे जोडरस्त्यालगत असलेले वनोद्यान. क्षेत्रफळ सु. १५ हेक्टर (३७ एकर). ‘माहीम निसर्ग उद्यान’ या नावानेही ते ओळखले जाते. नदीच्या पलीकडच्या तीरावर वांद्रे–कुर्ला संकुल आहे. माहीमच्या खाडीतून भरतीचे पाणी येथवर येत असल्याने नदीकाठचा पट्टा खारा व दलदलीचा असून त्यात तिवरांची वाढ आहे. उद्यानाची उर्वरित भूमी मात्र शहराच्या केरकचऱ्याच्या भरावावर तयार झालेली आहे व हेच या उद्यानाचे प्रमुख वैशिष्ट्य होय.

विहार व पवई या तलावांच्या सांडव्यांच्या पाण्यातून उगम पावणारी मिठी नदी सु. १८ किमी. वाहत जाऊन माहीमच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. पूर्वी हा जलमार्ग मुंबई व साष्टी या बेटांमधील सीमा होता. धारावीतील काळा किल्ला या सीमेच्या रक्षणासाठी होता. त्यावरील शिलालेखात १७३७ हे वर्ष व मुंबईचा गव्हर्नर जॉन हॉर्न याचे नाव आहे. याच वर्षी मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणे जिंकून घेतले. १८४५ मध्ये माहीम व वांद्रे यांना जोडणारा बांधरस्ता खुला झाला. पुढे शहर उत्तरेकडे वाढत गेले, तशी खाडीलगतची दलदल भराव टाकून बुजविण्यात येऊ लागली. उद्यानाची जागा १९७० नंतरच्या दशकातही कचरा टाकण्यासाठी वापरली जात होती.

कचराभूमी बंद झाल्यावर तेथे वन उभारण्याची कल्पना पुढे आली. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली (१८९६–१९८७) यांच्या हस्ते १९८३ मध्ये येथे पहिले झाड लावण्यात आले. अशा जमिनीत वृक्ष वाढविणे कठीण असते. हवेच्या अभावी कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन वायू निघतो व त्यामुळे मुळांना प्राणवायू मिळत नाही. भराव असमान रीतीने खचतो आणि पाणी धरून ठेवणारी माती नसते. म्हणून कचऱ्यावर माती पसरून टप्प्याटप्प्याने लागवड करावी लागते. पुढे झाडांचा पालापाचोळा कुजून मातीचा थर आपोआप वाढत जातो. येथे हा क्रम यशस्वी होऊन दाट वृक्षराजी निर्माण झाली. फुलपाखरे, खंड्या, बगळे इत्यादींना आश्रय मिळाला. १९९१ मध्ये ही भूमी संरक्षित वन म्हणून घोषित झाली व २२ एप्रिल १९९४ रोजी उद्यान जनतेस खुले करण्यात आले. येथे निसर्गशिक्षण केंद्र असून पावसाचे पाणी साठविण्याची व्यवस्था आहे.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिमी. पाऊस पडून मिठीला महापूर आला. अरुंद झालेले पात्र व बुजविलेली दलदल यांचा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील तिवरांच्या तोडीस मनाई केली. पुढे धारावीच्या पुनर्विकासाच्या संदर्भात उद्यानाच्या भूमीविषयी शंका उपस्थित झाल्या. उद्यान त्या प्रकल्पात समाविष्ट नसल्याचे २०२३ मध्ये न्यायालयास सांगण्यात आले. अत्यंत दाट वस्तीच्या या भागात मोकळी भूमी दुर्मिळ असल्याने उद्यानाचे अस्तित्व वृक्षांच्या वाढीइतकेच कायद्याच्या संरक्षणावरही अवलंबून आहे.