दवाखाना, शेत आणि कचेरी

रेल्वेच्या वेळापत्रकात आजही भांदक या जुन्या नावाने नोंदल्या जाणाऱ्या भद्रावतीस जो प्रवासी उतरतो, तो बहुधा भद्रनागाच्या दर्शनासाठी किंवा केसरिया पार्श्वनाथाच्या यात्रेसाठी आलेला असतो. विजासनच्या टेकडीत कोरलेल्या बौद्ध लेण्यापर्यंत त्याची पावले क्वचितच वळतात. डोंगराच्या पोटात सरळ आत गेलेली एक लांब वाट, तिला काटकोनात फुटलेल्या दोन बगला, आणि वाटेच्या अंती अंधारात बसलेला बुद्ध, एवढाच त्या लेण्याचा विस्तार आहे. अशा विहारांतून राहणाऱ्या भिक्षूंचे जीवन ज्या नियमांनी बांधलेले होते, त्या विनयपिटकाच्या महावग्गात रोग्याच्या शुश्रूषेविषयी एक कथा येते. स्वतःच्या मलमूत्रात पडून राहिलेल्या एका आजारी भिक्षूला बुद्धाने शिष्य आनंदाच्या साहाय्याने आपल्या हातांनी स्नान घातले, आणि ज्यांनी आईबाप सोडले त्यांनी परस्परांची शुश्रूषा करावी, नाही तर ती कोण करणार, असा प्रश्न संघास विचारला. परंतु त्याच महावग्गात दुसरीही एक हकीकत वाचावयास मिळते. मगधात रोगांची साथ पसरली असता राजवैद्य जीवकाचे उपचार संघातील भिक्षूंना मिळतात हे पाहून रोगी प्रव्रज्या घेऊ लागले व बरे होताच चीवर टाकून घरी जाऊ लागले. तेव्हा जीवकाच्याच विनंतीवरून पाच रोगांनी पीडित माणसांस प्रव्रज्या देऊ नये असा नियम करण्यात आला, आणि त्या पाचांत कुष्ठ पहिले होते.

उपचार आणि आसरा ही दोन एका छपराखाली आणली, की गरजवंतांची रांग लागते आणि व्यवस्थापकास दार अर्धे लोटून घ्यावेसे वाटते, ही अडचण इतकी जुनी आहे. तिचे स्मरण येथे होण्याचे कारण असे, की याच भद्रावतीपासून सहा-सात कोसांवर वरोऱ्याच्या माळावर, विसाव्या शतकाच्या मध्यास, हे दार नेमके त्या पहिल्या रोगासाठी उघडले गेले.

तत्पूर्वीची स्थिती समजून घेतली पाहिजे. १८५४ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा होऊन चांदा (आताचा चंद्रपूर) जिल्हा इंग्रजी अमलाखाली आला. मालगुजार वसुली पाही, पाटील व कोतवाल जन्म-मृत्यूची आणि पटकी-देवीच्या साथीची वर्दी ठाण्यास देत, जिल्ह्याच्या ठिकाणी सिव्हिल सर्जन असे आणि मोठ्या कसब्यांतून एखादा सरकारी दवाखाना. दगडी कोळशाच्या खाणीमुळे आणि त्या कोळशासाठीच वर्ध्याहून आणलेल्या लोहमार्गामुळे वरोरा हे गाव नावारूपास आले. ती खाण १९०६ मध्ये बंद पडली तरी बाजारपेठ राहिली. या सर्व व्यवस्थेत रोग हा एका दप्तराचा विषय होता आणि रोगी माणसाचे पोट हा कोणत्याच दप्तराचा विषय नव्हता. महारोग्यांबाबत तर सरकारचे पहिले पाऊल वैद्यकीयही नव्हते. १८९८ च्या लेपर्स ॲक्टाने, रस्त्यावर भीक मागणाऱ्या निर्धन महारोग्यास पकडून त्याची रवानगी आश्रयगृहात करण्याचा अधिकार पोलिसांस दिला. ज्याच्या घरी चार पैसे होते, त्या रोग्याशी या कायद्यास फारसे कर्तव्य नव्हते. कायद्याचा रोख जंतूंवर नव्हता, दारिद्र्याच्या दृश्यावर होता, असे म्हणणे मला तरी अन्यायाचे वाटत नाही. हा कायदा पुस्तकांतून निघाला तो २०१६ मध्ये.

गावाची रीत याहून सौम्य नव्हती. हाताची बोटे झडू लागली, की माणसाचे पान वेगळे मांडले जाई, मग त्याचा बिछाना गोठ्यात जाई, आणि घरात लग्नाची मुलगी असली तर एके दिवशी तो माणूसच दिसेनासा होई. त्या काळी चालमोगऱ्याच्या तेलाची दुखरी सुई हाच काय तो उपचार होता. पण ती सुई देणारा दवाखाना सापडला तरी रात्री निजावयास जागा कोठे, हा प्रश्न उरत असे, आणि जागा मिळालीच तर ती मिशनच्या आश्रयगृहात.

या कोंडीतून पहिली वाट वर्ध्याकडून निघाली. विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम उभारले, आणि पुढे सेवाग्रामात परचुरे शास्त्री या महारोगाने ग्रासलेल्या विद्वानास गांधीजींनी आश्रमात ठेवून घेऊन त्यांची शुश्रूषा स्वतः केली. दत्तपूरचे वैशिष्ट्य असे, की तेथे रोगी चरखा चालवीत व शेतीत राबत. ज्या वरोऱ्याच्या वकिलाने पुढे हे सूत्र टोकास नेले, त्याने सेवाग्राम पाहिले होते आणि दत्तपूरही.

हा वकील म्हणजे मुरलीधर देविदास ऊर्फ बाबा आमटे. त्यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाटास, एका सधन जमीनदार घराण्यात झाला. वरोऱ्यास वकिली, नगरपालिकेचे उपाध्यक्षपद, आणि भंग्यांच्या कामाची कल्पना यावी म्हणून मैल्याच्या टोपल्या डोक्यावरून वाहणे, हे सगळे एकाच माणसाने एकाच गावात केले. त्याच दिवसांत पावसात गटाराकडेला पडलेला तुळशीराम नावाचा महारोगी दिसला, आणि निर्भयतेचा लौकिक असलेला हा मनुष्य भयाने पळून गेला; पुढे त्या भयाचीच त्यांना लाज वाटली व ते परत फिरले, ही कथा महाराष्ट्रास इतकी ठाऊक आहे, की तिचा विस्तार करण्याचे प्रयोजन नाही. तिच्यापुढची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. बाबा आमटे करुणेवर थांबले नाहीत. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन त्यांनी कुष्ठरोगाचे रीतसर शिक्षण घेतले, आणि परत येऊन वरोऱ्याच्या भोवतालच्या गावांतून आठवड्याच्या आठवड्याला उपचार-केंद्रे चालविली. सल्फोन वर्गातील डॅप्सोन हे औषध तेव्हा नुकतेच हाती आले होते. शतकानुशतके असाध्य समजला गेलेला रोग गोळीने आटोक्यात येऊ लागला होता. आणि नेमके येथेच औषधाचे अपुरेपण उघडे पडले. जंतू मेले, पण झडलेली बोटे आली नाहीत. आणि बोटे नसलेल्या माणसास गावाने परत घेतले नाही. रोग संपल्यानंतर ज्याची शिक्षा सुरू राहते, त्या माणसास दवाखाना काय देणार?

१९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि सरकारकडून मिळालेल्या पन्नास एकर खडकाळ, झुडपी, साप-विंचवांनी भरलेल्या जमिनीवर बाबा, पत्नी साधनाताई, त्यांची दोन लहान मुले व मूठभर रोगी राहावयास गेले. १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले. पहिले काम विहिरीचे. संवेदना गेलेल्या हातांना कुदळ धरण्याची जखम कळत नाही, म्हणून दिवसाच्या श्रमानंतर प्रत्येकाचे तळवे व तळपाय तपासून मलमपट्टी करणे हा शेतीच्याच कामाचा भाग झाला. म्हणजे जखमेची देखभाल हा दवाखाना, विहीर हे रोजगाराचे खाते, आणि संध्याकाळची पंगत हे समाजकल्याण. परंतु तेथे अशी तीन नावे कोणी दिली नाहीत, आणि तीन हिशेब-वह्याही ठेवल्या नाहीत. दान माणसास पंगू करते आणि काम त्यास उभे करते, ही बाबांची धारणा होती. तिच्यात एक प्रकारचा कठोरपणाही आहे, कारण ज्याला उभेच राहता येत नाही त्याचे काय, हा प्रश्न ती सहसा विचारीत नाही. आनंदवनाने कालांतराने त्याचेही उत्तर शोधले. वृद्धांसाठी स्नेहसावली व उत्तरायण, निराधार मुलांसाठी गोकुळ, अपंगांना हस्तव्यवसाय शिकविणारे संधिनिकेतन, अंध व मूकबधिर मुलांच्या शाळा, अशी एकामागून एक घरे उभी राहिली. बऱ्या झालेल्या स्त्री-पुरुषांचे विवाह लागले, संसार मांडले गेले. याच काळात, तिकडे भद्रावतीत कृष्णमूर्ती मिरमिरा यांच्या ग्रामोदय संघात कुंभारांच्या चाकाला नवे तंत्र व नवी प्रतिष्ठा मिळत होती. हातांच्या कामातून माणसाचे स्थान परत मिळविता येते या श्रद्धेचे वारे त्या वेळी या भागात होते.

आरंभीच्या वर्षांत शेताने भाजीपाला व धान्य दिले, पण वरोऱ्याच्या बाजारात महारोग्याच्या हातची भाजी घेईना कोणी. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी तरुण आनंदवनात येऊन राहिले, त्यांनी रोग्यांबरोबर इमारती बांधल्या आणि त्यांच्याच हातचे अन्न खाल्ले, तेव्हा गावाची भीड थोडी मोडली. गोऱ्या माणसाने खाल्लेले अन्न शुद्ध होते, हा त्यातला उपरोध वाचकाने ध्यानी घ्यावा. पुढे दहा-बारा वर्षांनी, १९६४-६५ च्या सुमारास, ज्यांची भाजी विटाळाची ठरली होती त्या हातांनी आनंदनिकेतन महाविद्यालयाच्या व नंतर कृषी महाविद्यालयाच्या भिंती रचल्या, आणि वरोरा-भद्रावतीकडील धडधाकट घरांतील मुले तेथे शिकावयास येऊ लागली. देणारा व घेणारा यांच्या जागांची अशी अदलाबदल आपल्या समाजसेवेच्या इतिहासात विरळा आढळेल.

आनंदवनाची स्तुती करणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र सहसा झाकून ठेवली आहे. ही सारी जोडणी कुंपणाच्या आत झाली. बरा झालेला माणूस आनंदवनाचा नागरिक झाला, स्वतःच्या गावचा झाला नाही. त्याच्या गावच्या पाटलास, पंचायतीस, भावबंदांस आपले वर्तन बदलण्याची सक्तीच पडली नाही. ही त्रुटी संस्थेची नव्हे, गावाची होय, हे उघड आहे; तथापि इतिहासाने तिची नोंद केली पाहिजे.

कुंपणाबाहेरची जोडणी ज्याने करावयाची, त्या सरकारकडे साधने नव्हती असे नाही. १९४६ च्या भोर समितीने प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली. मध्यप्रांत व वऱ्हाडात १९४८ च्या कायद्याने जनपद सभा आल्या, आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या; पुढे आरोग्य समिती आणि समाजकल्याण समिती एकाच इमारतीत बसू लागल्या. परंतु कुष्ठरोगाचे काम १९५५ पासून एका स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रमाकडे होते, आणि वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठ प्रतिष्ठानने डॉ. वारदेकरांच्या मार्गदर्शनाखाली घडविलेली पाहणी-शिक्षण-उपचाराची पद्धत त्याचा कणा होती. त्याचे कार्यकर्ते वेगळे, नोंदवह्या वेगळ्या, वाहने वेगळी. या वेगळेपणाचा लाभही झाला; घरोघर जाऊन कातडीवरचे बधिर चट्टे शोधणारा कुष्ठतंत्रज्ञ आपल्या कामात तरबेज असे, आणि ऐंशीच्या दशकात बहुविध औषधोपचार आला तेव्हा वर्धा जिल्हा त्याच्या देशातील पहिल्या काही जिल्ह्यांत होता. पण चट्टा शोधणाऱ्यास उपासमार दिसली, तरी ती त्याच्या वहीत लिहावयास रकाना नव्हता.

दुसऱ्या प्रकारची जोडणी पूर्वेकडच्या अरण्यात घडली. २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. बाबांचे पुत्र डॉ. प्रकाश व स्नुषा डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथील आदिवासींची माडिया भाषा शिकून घेतली, कारण नाडीपेक्षा विश्वास आधी हाती यावा लागतो. आणि दवाखान्यास तीन वर्षांच्या आत शाळेची जोड दिली, कारण औषधाची चिठ्ठी वाचता न येणाऱ्या माणसाला जंगलखात्याचा, सावकाराचा कागदही वाचता येत नव्हता.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी या अरण्यभागाचा गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि चार वर्षांनी डॉ. अभय व डॉ. राणी बंग हे दांपत्य तेथे आले. वसा व अमिर्झा या दोन गावांतील स्त्रियांची तपासणी करून त्यांनी १९८९ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे दिसून आले. इतक्या स्त्रिया निमूटपणे दुखणे अंगावर काढीत असता सरकारी आरोग्यसेवा मात्र त्यांना प्रामुख्याने कुटुंबनियोजनाच्या उद्दिष्टापुरतीच ओळखीत होती. मोठ्या पांढऱ्या इमारतीत जावयास लोक बिचकतात हे पाहून त्यांनी आपल्या शोधग्राम या वसाहतीत दवाखाना झोपड्यांच्या वस्तीसारखा बांधला, नातेवाइकांस राहण्याची सोय ठेवली, आणि त्यास आदिवासींच्या माँ दंतेश्वरी या देवीचे नाव दिले. पुढे दवाखानाच घरी गेला. गावातल्याच स्त्रीस आरोग्यदूत म्हणून शिकवून नवजात बालकाची काळजी घरीच घेण्याचा प्रयोग ३९ गावांत झाला, आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट झाली. दारूच्या भट्ट्यांवरचा स्त्रियांचा रोष याच चळवळीच्या अंगाने वाढत गेला आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी आली. नवऱ्याची मारहाण हा आरोग्याचा विषय आहे की समाजकल्याणाचा, याचा निवाडा त्या स्त्रियांनी कोणत्याही समितीस विचारला नव्हता.

आरोग्यदूताच्या या अनुभवाचा आधार २००५ नंतरच्या आशा कार्यकर्तीच्या योजनेस व २०११ मधील नवजात बालकाच्या गृहभेटींच्या राष्ट्रीय कार्यक्रमास मिळाला. कुष्ठरोगाचे कामही आता सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळले असून, चट्ट्याची संशयित नोंद बहुधा आशाच करते. आणि ही नोंद करण्याची पाळी चंद्रपूर व गडचिरोलीत अजून वारंवार येते. गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळतात. हात-पाय वाकडे झाल्यास अपंगत्वाचा दाखला जिल्हा रुग्णालयातून आणावा लागतो. १९८० मध्ये सुरू झालेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज मात्र तलाठ्यामार्फत तहसील कचेरीत, म्हणजे महसूल खात्याकडे जातो, आणि अपंगांसाठीची साधने आणखी वेगळ्याच खात्याच्या अखत्यारीत येतात. भद्रावती तालुक्यातील एखाद्या वृद्ध रोग्याची गोष्ट घेतली, तर औषध त्याच्या गावाजवळ आले आहे. दाखल्यासाठी चंद्रपूरची बस, अनुदानासाठी तहसीलची पायरी आणि चपलेसाठी आणखी एक टेबल, एवढा फेरा अद्याप त्याच्या बधिर पायांनीच पुरा करावयाचा असतो.