ठसा आणि सर्किट बोर्ड : विजेच्या कोरणीतील एका दोषाचा इतिहास

पंचवटीत अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथील एखाद्या विद्यार्थ्याने घरच्या घरी सर्किट बोर्ड करावयाचे ठरविले, आणि फेरिक क्लोराइडचे डाग नकोत म्हणून विजेच्या प्रवाहाने तांबे काढावयास घेतले, तर त्यास एक अडचण हटकून भेटेल. बरेचसे तांबे विरघळते, परंतु मधली काही बेटे प्रवाह कितीही वेळ चालू ठेवला तरी जात नाहीत. दोष सामान्यतः विद्रावाच्या माथी मारला जातो. त्याचे खरे मूळ या विद्येच्या इतिहासात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

विजेने धातू कोरण्याची रीत मुद्रणासाठी जन्मली. फॅरडेचे विद्युत्‌विच्छेदनाचे नियम १८३३-३४ मधले. १८४० साली इंग्लंडात स्पेन्सर व विल्सन यांनी या रीतीचे पेटंट घेतले. मुद्रणाचा पत्रा जाड असे. त्यावर लेप देऊन रेघ तेवढी उघडी करावयाची व पत्रा धनाग्रास जोडावयाचा. रेघ खोल गेली तरी तळाशी धातू अखंड राही, म्हणून प्रवाह सर्वत्र पोहोचे. बोर्डावरील तांब्याचा पापुद्रा साधारणतः ३५ मायक्रॉनचा, आणि तो आरपार काढावयाचा असतो. चिमट्याजवळचे तांबे आधी गेले की पलीकडच्या तांब्याची वाटच तुटते.

पाउल आइस्लर याने १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये छापील सर्किटाची कल्पना साकारली. तिच्या मागे ठसेकारांची रासायनिक कोरणी होती. ही कोरणी नाशिकला परकी नव्हे. त्र्यंबकेश्वरी १८७० मध्ये जन्मलेले व १९४४ मध्ये नाशिकास निवर्तलेले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी ठसे व छपाईच्या व्यवसायात होते. बडोद्याच्या कलाभवनात त्यांचे शिक्षण झाले होते. हाफटोन ठशाचे तांबे फेरिक क्लोराइडने खात, रेषाठशाचे जस्त नायट्रिक अम्लाने. अम्ल रेघेच्या बाजूने आत शिरे. ते थोपविण्यासाठी ठसेकार हिरादखणाची पूड लावून पत्रा तापवीत. 

मराठीत या क्रियेस ‘अम्लरेखन’ म्हणतात. विजेच्या रीतीस ते लागू पडत नाही. तेथे मोरचुदाचा विद्रावही पुरतो व तांबे प्रवाह काढतो. शब्दाने दिशाभूल केली की माणूस विद्राव बदलीत बसतो.

हिशेब साधा आहे. मोरचुदाच्या विद्रावात १ अँपिअर प्रवाह तासाला सुमारे १.१९ ग्रॅम तांबे नेतो. १० सेंटिमीटर बाजूच्या चौरस बोर्डावर सुमारे ३.१ ग्रॅम तांबे असते. ते सर्व काढावयास अडीच तासांहून अधिक वेळ लागेल. चिमटा वर ठेवून बोर्ड एकदम न बुडविता हळूहळू खाली सोडावा, म्हणजे लांबचे तांबे आधी जाते व वाट शेवटपर्यंत शाबूत राहते. तरीही जी बेटे राहतील ती फेरिक क्लोराइडने काढता येतात.