जोडीतला एक: जपानी श्वानशिल्पे आणि ती जमवणाऱ्यांचा इतिहास

१/
मुठीत सहज मावेल एवढा हस्तिदंती कुत्रा. पाठीचा कणा मण्यांच्या माळेसारखा उठून आलेला, फासळ्या मोजता येतील अशा, पुढचा पंजा एका शिंपल्यावर रोवलेला. अठराव्या शतकात क्योतोच्या कारागिरांनी असे कुत्रे बरेच कोरले. आज ते लंडन-न्यूयॉर्कच्या लिलावांत आणि वस्तुसंग्रहालयांच्या काचेआड दिसतात. वस्तू उलटी केली की खालच्या बाजूला दोन छिद्रे दिसतात. शिल्पाला छिद्रे कशासाठी? हा धागा त्या दोन छिद्रांतूनच ओवायचा आहे.

२/
किमोनोला खिसा नसतो. त्यामुळे एदो काळातला (१६०३–१८६८) जपानी पुरुष आपली तंबाखूची पिशवी, औषधांची डबी, पैशांचा बटवा दोरीने कमरपट्ट्याला लटकवत असे. आपल्याकडे चंची कनवटीला खोचत, तसाच हा प्रकार. दोरी पट्ट्यामागून वर काढायची आणि ती घसरू नये म्हणून वरच्या टोकाला एक लहानशी गुंडी अडकवायची. ती गुंडी म्हणजे ‘नेत्सुके’. छिद्रांना ‘हिमोतोशी’ म्हणतात. त्यांतले एक बहुधा दुसऱ्यापेक्षा मोठे असते, कारण दोरीची गाठ त्यात लपवायची असते. म्हणजे आज ‘लघुशिल्प’ म्हणून मांडलेला हा कुत्रा एका पूर्ण वस्तूचा अर्धा भाग आहे. खाली लटकणारी डबी बहुतेक वेळा केव्हाच वेगळी विकली गेलेली असते.

३/
हस्तिदंत जपानमध्ये होत नाही. तो नागासाकीच्या बंदरातून, चिनी आणि डच व्यापाऱ्यांमार्फत येई. त्यातून शामिसेन या तंतुवाद्याच्या मोठ्या नख्या कापत आणि उरलेल्या त्रिकोणी तुकड्यांतून बरेचदा नेत्सुके कोरले जात. पुष्कळ जुन्या नेत्सुकेंचा आकार एका बाजूला निमुळता का असतो, याचे एक साधे उत्तर त्या शिल्लक तुकड्यात आहे. उरलेल्या तुकड्यातून अख्खा कुत्रा काढायचा, त्याचे पाय, शेपूट, कान कशातही अडकणार नाहीत असे अंगासरशी वळवायचे, आणि तरी तो जिवंत वाटला पाहिजे. या अटींतून जे आले ते पाहता, मोठ्या शिल्पकारांनाही हे काम सोपे गेले नसते.

४/
१७८१ मध्ये ओसाकात ‘सोकेन किशो’ हा ग्रंथ छापला गेला. तो मुख्यतः तलवारींच्या साजाविषयी आहे, पण त्यात पन्नासहून अधिक नेत्सुके-कारागिरांची नोंद सापडते. क्योतोच्या तोमोतादाविषयी तिथे म्हटले आहे की त्याच्या बैलांना मोठी मागणी असून त्यांच्या नकला पुष्कळ होतात. म्हणजे युरोपीय संग्राहक येण्याच्या किमान ऐंशी वर्षे आधी बाजारात बनावट तोमोतादा फिरत होते! त्याच्या नावाचे कुत्रेही आज बरेच मिळतात. आयताकृती चौकटीत कोरलेली दोन अक्षरांची सही पाहून हुरळून जाणाऱ्याने हे १७८१ साल लक्षात ठेवावे.

५/
पण कुत्राच का? एक कारण पंचांगातले. पूर्व आशियातल्या बारा प्राण्यांच्या चक्रात कुत्रा अकरावा आहे. वर्षाला, दिवसाला, प्रहराला, दिशेलाही या चक्रातून नाव मिळते, आणि आपल्या जन्मवर्षाचा प्राणी कमरेला बाळगणे लोकांना आवडे. शिंपला घेतलेला कुत्रा मात्र पंचांगातला नव्हे, अंगणातला आहे. अवाबी या मोठ्या शिंपल्याचा उपयोग पाळीव प्राण्यांना अन्न घालायला होत असे. कारागिराने कोरली ती कुत्र्याची थाळी.

६/
इथे पाचवा तोकुगावा शोगुन त्सुनायोशी (कारकीर्द १६८०–१७०९) आठवणारच. कुत्र्याच्या वर्षात, १६४६ मध्ये जन्मलेला आणि ‘कुत्रा-शोगुन’ म्हणून हिणवला गेलेला. प्राण्यांवर दया करण्याचे त्याचे हुकूम कठोर होते. १६९५ मध्ये एदोजवळ नाकानो येथे हजारो भटक्या कुत्र्यांसाठी प्रचंड आवार उभारले गेले आणि त्याच्या खर्चाचा भार लोकांवर पडला. त्याच हुकुमांत टाकून दिलेली अर्भके आणि आजारी माणसे यांच्या रक्षणाचीही कलमे होती, हे विनोदी किश्शांत गळून जाते. विक्रेते मात्र दिसेल त्या श्वानशिल्पाला त्सुनायोशीचे नाव चिकटवतात. त्याचा उपयोग किंमत वाढवण्यापुरताच. जपानी घरात कुत्र्याची मूर्ती यायला शोगुनच्या हुकुमाची गरज नव्हती.

७/
ती येत होती बाळंतिणीच्या खोलीतून. कुत्री सहज विते आणि तिला पिल्लेही बरीच होतात, या निरीक्षणावर एक संपूर्ण श्रद्धाविश्व उभे आहे. गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात, दर बारा दिवसांनी येणाऱ्या ‘कुत्र्याच्या दिवशी’ पोटाला कापडी पट्टा बांधण्याची प्रथा जपानमध्ये आजही टिकून आहे. दरबारी आणि सामुराई घराण्यांत नववधूच्या रुखवतात ‘इनुबाको’ असे: बसलेल्या कुत्र्याच्या आकाराच्या, कागदाच्या लगद्याच्या दोन डब्या, एक नर आणि एक मादी. अंगावर सोनेरी वर्ख आणि शुभचित्रे, चेहरा मात्र जवळजवळ मानवी बाळाचा. त्या बाळंतिणीच्या जवळ मांडत. आत ताईत किंवा प्रसाधनाच्या वस्तू ठेवत.

८/
सामान्यांच्या घरी याचेच स्वस्त रूप पोचले: ‘इनु-हारिको’, लगद्याचा रंगीत खेळण्यातला कुत्रा. त्याच्या एका प्रकारात कुत्र्याच्या डोक्यावर बांबूची टोपली पालथी घातलेली असते. हा चक्क अक्षरांचा खेळ आहे. ‘कुत्रा’ या चित्राक्षरावर ‘बांबू’चे चिन्ह ठेवले की ‘हसणे’ या अक्षरासारखे काहीतरी दिसते. मूल हसत राहो, एवढाच आशीर्वाद. एका लिपीशिवाय हे शिल्प कळूच शकत नाही. टोपली हरवलेला नग हाती आला तर उरतो नुसता गोंडस कुत्रा.

९/
लगदा टिकाऊ नसतो. पाणी, कसर, उंदीर आणि जपानी शहरांच्या वारंवार लागणाऱ्या आगी यांतून वाचलेल्या जुन्या इनुबाको थोड्या, आणि त्यांतही जोडी एकत्र राहिलेल्या आणखी थोड्या. बाजारात एकटी डबी येते तेव्हा ती नर की मादी हे सांगितले जाते. दुसरी कुठे गेली हे सहसा कोणालाच सांगता येत नाही.

१०/
जोडीचा प्रश्न सर्वांत तीव्र होतो तो ‘कोमाइनू’पाशी. शिंतो देवस्थानांच्या दाराशी बसलेले हे रक्षक. नावाचा अर्थ ‘कोरियाचा कुत्रा’, पण वंशावळ सिंहाची. बौद्ध धर्माबरोबर सिंहाचे शिल्प भारतातून चीनला, तिथून कोरियामार्गे जपानला गेले. वाटेत सिंह फारसा कोणी पाहिलेला नव्हता, त्यामुळे तो दर मुक्कामाला थोडा थोडा कुत्रा होत गेला. जुन्या पद्धतीत उघड्या तोंडाचा तो सिंह आणि मिटल्या तोंडाचा, कधी डोक्यावर शिंग असलेला, तो कोमाइनू. हेआन आणि कामाकुरा काळात ते लाकडी असत आणि आत, देवतेजवळ बसत. बाहेरचे दगडी कोमाइनू गावोगाव दिसू लागले ते पुष्कळ नंतर, एदो काळात. नारा येथील तोदाई-जीच्या महाद्वारातले दगडी सिंह ११९६ मधले आहेत, पण ते चीनहून आलेल्या पाथरवटांनी घडवलेले.

११/
उघडे तोंड ‘आ’ म्हणते आणि मिटलेले ‘उन्’. जपानीत ही जोडी ‘आ-उन्’ म्हणून ओळखली जाते, आणि तिचे मूळ संस्कृत ‘अ’ व ‘हूँ’ या बीजाक्षरांत आहे: वर्णमालेचा आरंभ आणि उच्चाराचा शेवट. दोन माणसांना न बोलता एकमेकांचे कळते तेव्हा त्यांचे श्वास आ-उन् जुळले आहेत, असे जपानी माणूस आजही म्हणतो. अशा जोडीतला एकच कोमाइनू दिवाणखान्यात ठेवणे म्हणजे वाक्य अर्ध्यावर तोडणे होय. पाश्चात्त्य बाजारात तर त्याला ‘फू डॉग’ हे तिसरेच नाव मिळाले. या नावात ना जपान आहे, ना सिंह.

१२/
या वस्तू आपापल्या जागांवरून सुटल्या कशा? १८५४ मध्ये अमेरिकेचे कमोडोर पेरी यांना जपानकडून मिळालेल्या भेटींत लहान कुत्रेही होते, तेव्हा पहिले निर्यात झाले ते खरेखुरे. हस्तिदंती आणि लाकडी कुत्र्यांचा ओघ १८६८ नंतरचा. त्या वर्षी मेइजी सरकारने शिंतो आणि बौद्ध परंपरा वेगळ्या करण्याचा हुकूम काढला. त्यानंतरच्या दंग्यांत मंदिरे फोडली गेली, मूर्ती जाळल्या गेल्या किंवा मातीमोल भावात विकल्या गेल्या. १८७६ मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली आणि तलवारींचा साज घडवणारे बेकार झाले. शहरी पुरुष कोट-पँट घालू लागला. कोटाला खिसे होते. नेत्सुकेचे काम त्या खिशांनी संपवले.

१३/
नेमक्या याच काळात पॅरिसला जपानचे वेड लागले. १८६७ आणि १८७८ ची पॅरिसची, मधले १८७३ चे व्हिएन्नाचे जागतिक प्रदर्शन. सीगफ्रीड बिंगसारखे व्यापारी. एदमों द गोंकूरसारखे लेखक-संग्राहक. १८७० च्या दशकात शार्ल एफ्रुसी यांनी तिथल्या एका विक्रेत्याकडून २६४ नेत्सुके एकगठ्ठा घेतले. पुढे ते लग्नाची भेट म्हणून व्हिएन्नाला गेले. १९३८ मध्ये नाझींनी एफ्रुसी कुटुंबाचे घर लुटले तेव्हा घरातल्या अॅना नावाच्या मोलकरणीने एकेक नेत्सुके खिशातून नेऊन आपल्या गादीत लपवले. मोठी चित्रे आणि फर्निचर गेले. खिसे नसलेल्यांसाठी घडवलेल्या वस्तू खिशामुळे वाचल्या.

१४/
संग्राहकांना दोषी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण १८७० च्या सुमारास जपानमध्येच ज्यांना गिऱ्हाईक नव्हते, अशा असंख्य वस्तू विदेशी पैशामुळे जळणातून आणि कचऱ्यातून वाचल्या, हेही खरे. जपानने प्राचीन देवळे आणि त्यांतील वस्तूंच्या जतनाचा कायदा केला तो १८९७ मध्ये. तोवर बरेच काही जाऊन चुकले होते. संग्राहकांचा खरा अपराध नोंदीचा आहे. वस्तू कोणत्या गावातून, कोणत्या देवळातून, कोणत्या डबीपासून सोडवली, हे फार थोड्यांनी लिहून ठेवले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात मेरी ग्रिग्ज बर्क यांच्या संग्रहातून आलेली तेराव्या शतकातली लाकडी सिंह-श्वानांची जोडी निदान जोडी म्हणून तरी पोचली.

१५/
आजच्या हौशी संग्राहकापुढचे प्रश्न निराळे. १९८९ मध्ये आफ्रिकी हत्तीचा हस्तिदंतही आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीत आला. भारतात १९९१ च्या दुरुस्तीने आयात हस्तिदंताचा व्यापारही थांबला. ब्रिटनचा २०१८ चा कायदा २०२२ मध्ये लागू झाला आणि १९१८ पूर्वीच्या, असाधारण कलामूल्याच्या वस्तूंनाच तिथे प्रमाणपत्रासह सूट मिळते. दुसरीकडे राळेच्या साच्यातून काढलेले ‘पुरातन’ कुत्रे ढिगाने विकले जातात. खऱ्या हत्तीच्या दातात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक जाळीदार रेषा दिसतात, राळेत त्या नसतात. साच्याची शिवण कधी कानामागे, कधी पोटाखाली सापडते. आणि झीज नेहमी पट्ट्याला घासणाऱ्या बाजूला जास्त हवी. सगळीकडे सारखी चमकणारी पिवळी झाक बहुधा चहाच्या पाण्याने आणलेली असते.

१६/
विकत न घेताही जपानी कला जवळून पाहायची असेल तर मुंबईत सोय आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील चिनी-जपानी कलावस्तू प्रामुख्याने सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई आणि कोबे यांच्यात कापसाचा मोठा व्यापार होता आणि त्यात टाटा होते. पॅरिसच्या वेडाचे मुंबईतले रूप तिथे दिसते.

१७/
शेवटी एक पिल्लू, जे कोणाच्याही संग्रहात गेले नाही. क्योतोच्या डोंगरातल्या कोझान-जी मंदिराकडे कामाकुरा काळातले कुत्र्याचे एक लाकडी पिल्लू आहे, सुमारे २५ सेंटिमीटर उंचीचे. बसलेले, मान किंचित कलती. परंपरा ते तान्केई या थोर मूर्तिकाराच्या नावे सांगते आणि मंदिराचे संस्थापक म्योए (११७३–१२३२) यांना ते फार प्रिय होते असेही सांगते. त्याला छिद्रे नाहीत, शिंग नाही, ताईत नाही, जोडीदारही नाही.

१८/
याच म्योएंना बुद्धाच्या भूमीत, म्हणजे भारतात, यायचे होते. त्यांनी चीनमधल्या चांगआनपासून राजगृहापर्यंतचे अंतर काढून प्रवासाला किती दिवस लागतील याचा हिशेब कागदावर मांडला होता. दोनदा बेत ठरला. कासुगा देवतेचा कौल आला की जाऊ नये, आणि ते राहिले. पिल्लूही त्यांच्याबरोबर तिथेच राहिले. आठशे वर्षे होत आली, ते अजून कोझान-जीचेच आहे.