वजन तेच, दारू वेगळी

‘दारू’ हा शब्द मराठीत दोन घरी नांदतो. एक दारू बाटलीत असते, दुसरी काडतुसात. खडकीला १८६९ सालापासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, त्यामुळे पुण्याकडच्या माणसाला या दुसऱ्या दारूची ओळख करून द्यावी लागत नाही. आज मी तिच्याविषयीच बोलणार आहे.

कवीनं बंदुकीच्या दारूवर बोलावं याचं काहींना नवल वाटेल. पण गझल लिहिणाऱ्याला ‘वजन’ या शब्दाशी रोजच काम पडतं. ओळीतला एक शब्द काढून त्याच वजनाचा दुसरा बसवला तर वृत्त सांभाळलं जातं, पण शेर जिवंत राहीलच असं नाही. शेर मेला तर कवीची थोडी बेअब्रू होते, एवढंच. बंदुकीच्या बाबतीत हीच चूक झाली तेव्हा मात्र माणसांच्या जिवावर बेतलं.

काडतूस म्हणजे चार वस्तूंचा संसार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. अमेरिकेत रिकाम्या पुंगळ्या घरीच पुन्हा भरणारे हौशी नेमबाज पुष्कळ आहेत. दारू ते ‘ग्रेन’मध्ये तोलतात. सात हजार ग्रेन म्हणजे एक पौंड. इतकं बारीक माप, कारण आतली दारू नुसती जळायची नसते, ठरावीक गतीनं जळायची असते. ती सावकाश जळली तर गोळी रेंगाळते. फार झपाट्यानं जळली तर गोळी पुढे सरकण्याआधीच आतला दाब वाढतो आणि बंदूकच फुटू शकते. नेम धरणाऱ्याचा डोळा त्या जागेपासून वीतभरसुद्धा लांब नसतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन नावाच्या गृहस्थांनी सरकारकडची शिल्लक दारू विकत घेऊन या हौशी लोकांना विकायला सुरुवात केली. त्यांतली एक दारू ‘४८३१’ या आकड्यानं ओळखली जाई. ती मुळात वीस मिलिमीटरच्या तोफेची. पुढे १९७० च्या दशकात ड्यूपाँ कंपनीनं स्वतःची ‘४८३१’ बाजारात आणली. आकडा तोच, दाणे दिसायला तसेच, पण ही नवी दारू अधिक वेगानं जळणारी. जुन्या दारूचं माप नव्या दारूला लावलं की दाब धोक्याच्या पातळीकडे चढायचा. म्हणून काडतुसं भरण्याच्या पुस्तकांतून आजही बजावलेलं असतं, की नावाच्या सारखेपणावर जाऊ नका. एका दारूचं माप दुसरीला कधीही लावू नका.

घरात काडतुसं भरणाऱ्या हौशी माणसाला जे कळलं, ते त्याआधी एका बलाढ्य सैन्याला कळायला हवं होतं. ती गोष्ट एम-१६ रायफलीची.

यूजीन स्टोनर या अभियंत्यानं १९५० च्या दशकाच्या अखेरीस एक हलकी रायफल घडवली, एआर-१५. तिच्या काडतुसासाठी ड्यूपाँची ‘आयएमआर ४४७५’ ही बारीक कांड्यांच्या आकाराची दारू वापरली होती. बंदूक आणि दारू यांचं चांगलं जमलं होतं. मग सैन्यानं अट घातली, की गोळीचा वेग सेकंदाला ३,२५० फूट हवा आणि दाब मात्र ठरलेल्या मर्यादेतच राहावा. या दारूचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन करून ती अट पाळता येईना. तेव्हा १९६४ मध्ये ऑलिन कंपनीची गोल दाण्यांची दारू मंजूर झाली, डब्ल्यूसी ८४६. ती सैन्याच्या ओळखीची होती. मोठ्या ७.६२ मिलिमीटर काडतुसात ती नीट काम करत होती. वेग जमला, दाब जमला. कागदावर सगळं वजन बरोबर होतं.

पण स्टोनरची रायफल गोळीमागच्या वायूच्या जोरावर चालते. नळीतला थोडा वायू मागे येऊन रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि नवं काडतूस आत घेतो. नव्या दारूनं त्या जागी वायूचा जोर वाढवला. मिनिटाला साडेआठशे फैरींच्या मर्यादेत चालायची रायफल ती मर्यादा ओलांडू लागली. पुंगळी नळीच्या भिंतीला घट्ट चिकटलेली असतानाच तिला ओढण्याची घाई होऊ लागली. त्यात दारूमधलं आम्ल मारण्यासाठी मिसळलेल्या कॅल्शियम कार्बोनेटचा थर वायूच्या नळीत साचू लागला. व्हिएतनामची दमट हवा, आत क्रोमचा मुलामा नाही, साफसफाईचं साहित्य अपुरं. आणि ही रायफल फारशी साफ करावी लागत नाही असा समज पसरलेला. पुंगळ्या अडकू लागल्या. ऐन चकमकीत सैनिक नळीत गज खुपसून पुंगळी ठोकून काढत होते.

मे १९६७ मध्ये एका मरीन सैनिकाचं घरी लिहिलेलं पत्र वर्तमानपत्रात छापून आलं आणि अमेरिकी काँग्रेसमध्ये वाचलं गेलं. आपल्या मेलेल्या सोबत्यांच्या शेजारी त्यांनी दुरुस्त करायला खोललेल्या रायफली सापडल्या, असं त्यात होतं. प्रतिनिधी रिचर्ड इकॉर्ड यांच्या उपसमितीनं चौकशी केली. ऑक्टोबर १९६७ च्या अहवालात दारू बदलण्याच्या निर्णयावर कठोर ठपका ठेवला गेला. सगळ्यांत बोचणारी बाब अशी, की कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या रायफलींची चाचणी दुसऱ्या दारूच्या काडतुसांनी घ्यायला परवानगी होती. म्हणजे रायफल एका दारूवर उत्तीर्ण होई आणि सैनिकाच्या हाती दुसरी दारू येई.

पुढे आतल्या भागाला क्रोमचा मुलामा आला, वेग आवरणारा नवा बफर आला, साफसफाईचं साहित्य पोहोचलं, दारूतलं कार्बोनेट कमी झालं. गंमत अशी, की गोल दाण्यांची दारू सैन्यानं सोडली नाही. तिचाच सुधारलेला प्रकार या काडतुसासाठी वेगळा काढला गेला. म्हणजे दारू वाईट नव्हती. ती दुसऱ्या घरची होती, आणि या घरात तिचं कसं जमेल हे आधी कुणी नीट विचारलं नव्हतं.

‘सारखंच तर आहे’ हे वाक्य आपण दिवसातून कितीदा बोलतो! औषधाच्या दुकानात बोलतो, सिमेंट घेताना बोलतो, माणसांबद्दलही बोलतो. बहुतेक वेळा निभावून जातं. पण हे वाक्य बोलणारा टेबलाशी बसलेला असतो आणि त्याची किंमत मोजणारा दूर कुठल्या तरी टेकडीवर असतो, तेव्हा ते बोलण्याआधी एकदा पारखून घ्यावं. वजन तराजूवर कळतं. स्वभाव मात्र ज्या जागी वापरायचं, त्याच जागी तपासावा लागतो.