ज्याची कीर्ति त्यालाच ठाऊक नव्हती

मनुष्य गेल्यावर त्याची कीर्ति वाढावी, यांत नवल नाहीं. परंतु एका देशांत एखाद्याचीं गाणीं घरोघर वाजत असावींत, आणि दुसऱ्या देशांत पाडकामावर राबणाऱ्या त्या गायकाला त्याची वार्ताहि नसावी, हें विरळाच. अमेरिकन गायक सिक्स्टो रॉड्रिग्ज याच्या बाबतींत तें घडलें. त्याची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें.

डेट्रॉइट ही मोटारींच्या कारखान्यांची नगरी. मेक्सिकोहून पोटासाठीं तेथें आलेल्या एका कुटुंबांत १० जुलै १९४२ रोजीं त्याचा जन्म झाला. तो सहावें अपत्य, म्हणून नांव सिक्स्टो. मोठेपणीं गिटार घेऊन तो शहरांतील पानगृहांतून गाऊं लागला. लोकगीतांचा साधा घाट आणि विजेवरील वाद्यांचा जोर यांचा मेळ घालणारी ‘फोक-रॉक’ ही गानपद्धति तेव्हां अमेरिकेंत रूढ झाली होती. आपल्याकडील शाहिराप्रमाणें तींतील गायक पुष्कळदां पदेंहि स्वतःच रचतो. रॉड्रिग्जच्या पदांत शहरांतील दारिद्र्य, व्यसनांचा विळखा आणि सत्ताधाऱ्यांविषयींची चीड सरळ शब्दांत उतरली आहे.

१९७० सालीं ‘कोल्ड फॅक्ट’ व १९७१ सालीं ‘कमिंग फ्रॉम रिॲलिटी’ असे त्याचे दोन गीतसंग्रह तबकड्यांवर निघाले. अमेरिकेंत त्यांना गिऱ्हाईक मिळालें नाहीं, व कंपनीनेंहि त्याला निरोप दिला. मग तो घरें पाडण्याचीं व दुरुस्त करण्याचीं कामें करूं लागला. तें करतांकरतांच त्यानें १९८१ सालीं तत्त्वज्ञानाची पदवी मिळविली. स्थानिक निवडणुकाहि लढविल्या. पण यश आलें नाहीं.

इकडे दक्षिण आफ्रिकेंत निराळेंच घडत होतें. वर्णभेदाच्या त्या राज्यांत वडीलधाऱ्यांच्या सक्तीला कंटाळलेल्या गोऱ्या तरुणांना हीं पदें आपल्याच मनांतलीं वाटलीं. ‘शुगर मॅन’ हें पद सरकारी नभोवाणीवर वर्ज्य होतें; तरी तबकड्या खपतच राहिल्या. जगानें बहिष्कार घातल्यामुळें तो देश एकाकी पडला होता. तेथील वार्ता डेट्रॉइटला पोंचली नाहीं, आणि डेट्रॉइटची तेथें आली नाहीं. गायकाविषयीं कांहींच कळेना, तेव्हां त्यानें रंगमंचावरच आत्मघात केला, अशी आवई उठली.

वर्णभेदाचें राज्य १९९४ सालीं संपलें. पुढें केप टाउनचा एक तबकडी-विक्रेता व एक पत्रकार यांनीं शोध आरंभिला. एका पदांत आलेल्या डियरबॉर्न या गांवाच्या नांवावरून माग लागला, आणि १९९७ सालीं गायक जिवंत असल्याचें उघड झालें. मार्च १९९८ मध्यें तो दक्षिण आफ्रिकेंत गेला. हजारों श्रोते त्याच्याबरोबर पद न् पद गात होते.

या प्रसंगावर स्वीडनच्या मलिक बेंजेलूल यांनीं २०१२ सालीं काढलेल्या चित्रपटास पुढील वर्षीं ऑस्कर पारितोषिक मिळालें. पण इतिहासाच्या अभ्यासकानें येथें क्षणभर थांबावें. १९७९ व १९८१ सालीं रॉड्रिग्जनें ऑस्ट्रेलियांत दौरे केले होते; तेथें त्याचा चाहतावर्ग होता. चित्रपटांत त्याचा उल्लेखहि नाहीं. ‘सर्वांस विस्मृत झालेला गायक’ ही कथा अधिक रेखीव दिसावी, म्हणून सत्याचा एक तुकडा गळाला.

माझ्या मतें गळालेला तुकडाच अधिक मोलाचा आहे. टाळ्यांचा कडकडाट त्यानें आधींहि ऐकला होता, आणि तो ऐकून परत आल्यावर पुन्हा हातीं हातोडा घेतला होता. ऑस्करनंतरहि डेट्रॉइटमधलें जुनें घर त्यानें सोडलें नाहीं. ८ ऑगस्ट २०२३ रोजीं, ८१ व्या वर्षीं, तो वारला. अज्ञातवास त्याच्यावर लादला गेला होता. पण साधेपणा त्याचा स्वतःचा होता. दंतकथेनें पहिली गोष्ट जपली. दुसरी जपण्याचें काम इतिहासाकडे राहिलें आहे.